मनोरीला बर्फ पडला तो दिवस

आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावरच्या जोडप्याने हस्की आणला तेव्हा नाक मुरडणाऱ्यांत मी पहिली होते. मालाडला फेब्रुवारी संपायच्या आत पंख्याखाली बसूनही पाठ ओली होते. अशा ठिकाणी बर्फात गाड्या ओढणारा कुत्रा कशाला पाळायचा? असं मी लिफ्टमध्ये त्या मुलीला तोंडावर विचारलंसुद्धा. ती बिचारी म्हणाली, "काकू, त्याच्यासाठी वेगळा एसी घेतलाय." कुत्रा माझ्याकडे बघत होता. त्याचा एक डोळा निळा होता आणि एक तपकिरी, त्यामुळे तो नक्की कुठल्या डोळ्याने आपल्याला बघतोय हे कळायचं नाही.

दीड वर्षाने तीच मुलगी आमच्या दाराशी आली. दोघांनाही कंपनीने सहा महिन्यांसाठी परदेशात पाठवलं होतं. कुत्र्यांच्या होस्टेलमध्ये ठेवून बघितलं तर दोन दिवस तो जेवला नव्हता. "काकू, तुम्ही घरीच असता ना," असं ती म्हणाली आणि मी 'नाही' म्हणण्यासाठी शब्द जुळवत होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "हाड गो, हाड. काय एवढा मोठासा!"

'हाड' म्हणजे आण. आमचे बाबा मालवणीच बोलतात. सतराव्या वर्षी मालवणजवळच्या गावातून मुंबईला आले, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कापसाच्या धुरळ्यात आयुष्य काढलं, गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली सोडून आईला आणि मला घेऊन मालाडला आले. कुत्रा आला तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. त्यांच्यासाठीच मी बँकेतली नोकरी निवृत्तीच्या चार वर्षं आधी सोडली होती. शरीर थकलं होतं, पण प्रश्न पडायचे थांबले नव्हते. प्लंबर आला की हे पाणी नक्की कुठल्या डोंगरावरून येतं ते त्याला विचारायचे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना एकदा विचारलं, माशाला झोप लागते तेव्हा तो डोळे कुठे मिटतो? बाई हसल्या, पण पुढच्या वेळी शोधून आल्या होत्या.

कुत्रा आमच्याकडे आला आणि घराची व्यवस्था बदलली. एसी एकच, तो बाबांच्या खोलीत, आणि बाबांना एसी सोसत नाही. पण कुत्र्याला लागतो म्हटल्यावर काय करणार! दुपारी दार लोटून आत बघावं तर एसी अठरावर, बाबा स्वेटर आणि माकडटोपी घालून पलंगावर, आणि कुत्रा खाली लादीवर उताणा, चारही पाय छताकडे, जीभ बाहेर. तो भुंकायचा नाही. बोलायचा. "ऊऊव्व्" अशी लांब सुरावट काढायचा आणि बाबा तिला उत्तर द्यायचे. "होय रे मेल्या, म्हायत आसा माका." काय माहीत होतं, ते दोघांनाच ठाऊक.

एका संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते. बाबा काठी टेकत आले, समोर बसले आणि बराच वेळ कुत्र्याकडे बघत राहिले.

"गो, ह्येका बर्फ म्हायत आसतलो काय?"

"त्याला कसा माहीत असणार? वसईला जन्मलाय तो."

"रक्तात आसतलो. पण डोक्यात आसतलो काय?" मग माझ्याकडे वळून, "तुया बघलंस बर्फ?"

"फ्रीजमधला."

"तो न्हय. आबाळातसून पडता तो."

तो मीही पाहिला नव्हता. बँकेतल्या बायकांची एकदा मनालीची सहल निघाली होती, तेव्हा आईचं ऑपरेशन होतं. बाबांनी तर घाटावरचा डोंगरही धड पाहिलेला नाही. घरात तिघं जण, तिघांनीही बर्फ पाहिलेला नाही, आणि त्यातल्या एकाच्या अंगावर बर्फासाठी वाढवलेली वीतभर लोकर. हे बाबांना फार विचित्र वाटलं. मला आधी हसू आलं, मग मलाही ते विचित्र वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी प्रयोग केला. फ्रीजमधला ट्रे काढून बर्फाचे सगळे तुकडे ताटलीत ओतले आणि कुत्र्यासमोर ठेवले. त्याने वास घेतला आणि आपण चणे खातो तसे कडाकडा चावून संपवून टाकले. ताटलीही चाटली.

"ह्यो खाऊ झालो," बाबा म्हणाले. "ह्येतून काय कळणा नाय."

माझी एक मैत्रीण मनोरीची. कोळ्याच्या घरातली. बँकेत वीस वर्षं आम्ही शेजारच्या काउंटरवर बसलो. तीही नोकरी सोडून आता आईबरोबर सुकी मासळी बघते. तिला फोनवर सहज ही गंमत सांगितली तर ती म्हणाली, "अगं येडी आहेस का? बर्फच पाहिजे ना? आमच्याकडे ये. टनाने असतो."

"खरा बर्फ नाही गं तो. मासळीचा."

"मग तुझ्या कुत्र्याला काय फरक कळणार आहे? आणि कळला तर बाबांना उत्तर मिळेल ना. गुरुवारी ये. भावाची होडी निघतेय, दुपारच्या भरतीला. सकाळी बर्फ भरतील. बाबांनाही आण, बोंबील ताजे आहेत."

जानेवारी होता. मुंबईच्या मानाने थंडी पडली होती, म्हणजे वॉचमनने कानाला मफलर बांधला होता आणि दूधवाला जॅकेट घालून येत होता. गुरुवारी सकाळी आम्ही तिघं खाली उतरलो. तीन रिक्षावाल्यांनी कुत्रा बघून मीटरवर हात ठेवला आणि निघून गेले. चौथ्याने विचारलं, "काटेगा तो नहीं?" मी नाही म्हणायच्या आत बाबा त्याला म्हणाले, "तो खय चावता! तो गाणा म्हणता." रिक्षावाल्याला काय कळलं देव जाणे, पण तो हसला आणि आम्ही मार्वेला पोहोचलो.

मार्वेच्या जेट्टीवरून मनोरीला फेरीबोट जाते. पाचदहा मिनिटांची खाडी. बोटीत मोटरसायकली, त्यांच्यामध्ये उभी माणसं, आणि बाजार करून परतणाऱ्या चारपाच कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या. कुत्रा चढला तशी त्यांनी लुगडी सावरली.

"काय गो बाय, लांडगा हाय का यो?"

"कुत्रा आहे. बर्फाळ देशातला."

"मग हिकडं कशाला आनला?"

हा प्रश्न मीच पावणेदोन वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये विचारला होता. आता त्याचं उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली आणि मला ते येत नव्हतं. मी म्हटलं, "बर्फ दाखवायला." बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या.

मैत्रीण पलीकडच्या धक्क्यावर उभी होती. स्वेटर, पायात रबरी चपला, हातात बाबांसाठी उशी. रिक्षातून, बोटीतून येऊन बाबांचं कंबरडं धरलं असेल हे तिला आधीच सुचलं होतं. आम्ही हळूहळू तिच्या घराकडे गेलो. घर किनाऱ्याला लागूनच आहे. पुढे बांबूंवर आडव्या दोऱ्या, त्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले, आणि त्यांच्यापलीकडे रेती. ओहोटीचं पाणी बरंच आत गेलं होतं. तिच्या भावाची होडी ओल्या रेतीत एका अंगावर कललेली होती. चार खलाशी तिच्यावर जाळं रचत होते.

बर्फाचा टेम्पो अजून यायचा होता, पण मैत्रिणीने शेजारच्या होडीवाल्याकडून दोन क्रेट भरून बर्फाचा चुरा आणून ठेवला होता. बाबांना उलट्या टोपलीवर उशी ठेवून बसवलं. डोक्यावर टॉवेल, हातात काठी, डोळे कुत्र्यावर. मैत्रिणीची आई बोंबील उलटे करायचे सोडून आली. दोन खलाशी आले. मैत्रिणीने क्रेट रेतीवर उपडे केले आणि पांढरा ढीग सगळ्यांसमोर चमकायला लागला. मी पट्टा ढिला सोडला.

कुत्रा ढिगाजवळ गेला. वास घेतला. एकदा जीभ लावली. मग ढिगाला वळसा घालून सरळ बोंबलांकडे गेला आणि मान वर करून त्यांच्याखाली उभा राहिला.

सगळे हसले. मैत्रिणीची आई सगळ्यात जास्त. "यो तर आमच्यातलाच निघाला," ती म्हणाली आणि त्याला एक बोंबील टाकला.

मीही हसले, पण बाबांचा चेहरा बघून थांबले. ते खरोखर हिरमुसले होते. "नाय ओळखल्यान," ते हळू म्हणाले. मग स्वतःचीच समजूत घालावी तसे, "कसो ओळखतलो? कोणी दाखवल्यानीच नाय."

मला वाटलं, झालं, आता बोंबील खाऊन घरी जायचं. मैत्रीण चहा आणायला आत गेली. एवढ्यात टेम्पो आला. रेती जिथे घट्ट आहे तिथून मागे मागे घेत तो होडीजवळ लावला. टेम्पोत बर्फाच्या माणूसभर लांबीच्या लाद्या, वर गोणपाट. त्यांच्या शेजारीच लाद्या फोडायचं यंत्र बसवलेलं, आणि त्याला एक जाड पाइप, हत्तीच्या सोंडेसारखा लवचिक. त्यातून बर्फाचा चुरा होडीच्या पोटातल्या खणात जातो. मैत्रिणीच्या भावाने सोंड हातात धरली, पण होडीकडे न वळवता आधी रेतीकडे वळवली. यंत्र रात्रभर बंद असलं की पहिला चुरा गंज घेऊन येतो, म्हणून तो थोडा वेळ बाहेर सोडून देतात, असं मैत्रिणीने मागाहून सांगितलं.

यंत्र सुरू झालं. घर्र असा मोठा आवाज झाला, सोंड थरथरली आणि तिच्या तोंडातून पांढरं काहीतरी फवारलं. आधी जरासं मळकट, मग शुभ्र. सकाळच्या वाऱ्यावर त्यातला हलका चुरा वर उडाला, थोडा वेळ उन्हात तरंगला आणि मग खाली यायला लागला.

कुत्रा बोंबलांखाली उभा होता. त्याचे कान ताठ झाले. त्याने मान वळवली आणि तो इतका स्तब्ध उभा राहिला की मला वाटलं, आवाजाला घाबरला. मी पट्टा हाताला गुंडाळायला लागले, आणि तेवढ्यातच त्याने झेप घेतली. पट्टा माझ्या बोटांतून सालं काढत गेला. मी ओरडले. तो रेतीतून सुसाट टेम्पोकडे निघाला होता आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते लाद्या फोडणारं यंत्र होतं.

"बंद कर! बंद कर!" भाऊ टेम्पोवाल्यावर खेकसला. यंत्र थांबलं.

कुत्रा यंत्राकडे गेलाच नव्हता. तो सोंडेच्या तोंडाखाली, जिथे पांढरं पडत होतं बरोबर तिथे, जाऊन उभा राहिला होता. नाकावर, भुवयांवर, पाठीवर चुरा. तो वर बघत होता. वरून काही येईना, तेव्हा त्याने मान आणखी मागे टाकली, डोळे मिटले आणि आवाज काढला. घरी काढायचा तो नव्हे. खोल, लांब, वर चढत जाणारा. बंदरावरची गावठी कुत्री भुंकायची थांबली. होडीवरचे खलाशी जाळं हातात धरून उभे राहिले.

भाऊ तसा तापट माणूस. होडी निघायच्या दिवशी तर त्याच्याशी कोणी बोलतही नाही, असं मैत्रिणीने बजावलं होतं. तो कुत्र्याकडे बघत राहिला आणि मग एकदम हसला. "आयला, अजून मागतोय हा!"

"सॉरी हं दादा," मी धापा टाकत पोहोचले होते. "घेते त्याला."

"राहू दे, राहू दे. पट्टा तेवढा धरून ठेवा." मग टेम्पोवाल्याला, "चालू कर रे. हळू."

आणि त्याने सोंड आभाळाकडे वळवली.

ते किती वेळ चाललं असेल? अर्धं मिनिट, फार तर एक. मला ते मोजता आलं नाही, कारण मी त्याच्या आतच उभी होते. वरून पांढरं पडत होतं. केसांवर, चष्म्यावर, स्वेटरच्या गळ्यातून आत पाठीवर. काही चुरा टोचत होता, पण वर उडालेला जो उशिराने खाली येत होता तो अगदी मऊ होता, लागायचाही नाही. कुत्रा उड्या मारत होता. पडणारा प्रत्येक कण हवेतच पकडायला बघत होता, तोंड उघडायचा, मिटायचा, त्यात काहीच सापडायचं नाही आणि तो पुन्हा उडी मारायचा. पट्ट्यामुळे मीही त्याच्याबरोबर गोल गोल फिरत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी, मनोरीच्या रेतीत, चपला कुठेतरी रुतवून. मला नंतर सांगितलं की मी मोठमोठ्याने हसत होते. मला आठवतं ते वेगळंच. मी मनात एकच गोष्ट म्हणत होते: पडायला पाहिजे होतं. त्याला पडणारा पाहिजे होता.

सोंड होडीत वळवली तेव्हा मी डोळे पुसून मागे बघितलं. बाबा टोपलीवर नव्हते. मैत्रिणीच्या आईचा हात धरून ते रेतीतून येत होते, काठी दुसऱ्या हातात, टॉवेल खांद्यावर घसरलेला. माझ्याजवळ आले आणि टक्कल पुढे करून म्हणाले, "माज्यार पडलो. दोन कण पडले. हंयसर." बोट ठेवून दाखवलं. तिथे आता नुसता एक थेंब होता.

त्या पहिल्या चुऱ्याचा आणि हवेत उडवलेल्याचा मिळून रेतीवर चांगला गुडघाभर ढीग झाला होता. होडी भरायला वेळ लागणार होता आणि ढीग कोणालाच नको होता. भाऊ म्हणाला, "खाऊ देऊ नका फक्त. मासळीचा बर्फ आहे, पोट बिघडेल." कुत्रा तोवर ढिगावर चढला होता. खाण्याचं त्याच्या मनात दिसत नव्हतं. तो पुढच्या दोन्ही पायांनी उकरायला लागला. मागे बर्फाची कारंजी उडत होती. मध्येच थांबून तो खड्डा नाकाने तपासायचा, पुन्हा उकरायचा. शेवटी परातीएवढा गोल, खोल खड्डा झाला. त्यात तो उतरला, स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या, अंगाचं वेटोळं करून बसला आणि झुपकेदार शेपूट फिरवून आणून बरोबर नाकावर ठेवली. डोळे मिटले.

आम्ही सगळे बघत होतो. वर्षानुवर्षं हे काम करत असल्यासारखी त्याची सफाई होती. आमच्या घरी तीन महिन्यांत तो एकदाही असा झोपला नव्हता. एकदाही नाही. घरी तो कायम उताणा, पसरलेला.

"हेका ह्या कोणी शिकवल्यान?" बाबांनी विचारलं.

मैत्रिणीची आई म्हणाली की कासवाची पिल्लं रेतीतून वर येतात ती सरळ पाण्याकडेच धावतात, आई जवळ नसते तरी. तिने ते एकदा पाहिलं होतं, लहानपणी. बाबा म्हणाले, पण पाणी तिथे दिसतं तरी. आवाज येतो त्याचा. ह्याला तर बोंबलांचा वास येत होता, इंजिनाचा वास येत होता, आणि तरीही त्याला खड्डा करावासा वाटला. मैत्रिणीच्या आईला ते पटलं. मग दोघं बसून याच्यावर बोलत राहिले, तिने त्यांना चहा दिला, त्यांनी तिला त्यांच्या गावच्या नदीत चढणाऱ्या माशांची गोष्ट सांगितली. एकाची मालवणी, दुसरीची कोळी बोली. कुठेही अडलं नाही.

मी चपला शोधत होते. पाठीत थाडकन काहीतरी बसलं आणि फुटलं. गार. वळून बघते तर मैत्रीण, हातात दुसरा गोळा तयार.

"वीस वर्षं सगळी कटकटी गिऱ्हाइकं माझ्या काउंटरवर पाठवलीस ना? घे!"

मीही गोळा केला. माझा नेम चुकला आणि तो एका खलाश्याच्या पाठीवर बसला. त्याने मागे न बघताच मूठभर बर्फ उचलून आमच्यावर उधळला. मग काही वेळ तिथे जे चाललं ते दोन निवृत्त बँक कर्मचाऱ्यांना अजिबात शोभणारं नव्हतं. कुत्र्याने एक डोळा उघडून बघितलं, निळा, आणि परत मिटला.

दुपार चढत गेली. आम्ही घरात आलटून पालटून जेवलो, कारण कुत्रा उठायला तयार नव्हता आणि बाबा त्याच्याजवळून हलायला. ताटात भाकरी आणि तळलेले ताजे बोंबील घेऊन बाबा तिथेच रेतीवर जेवले. ढीग कडांनी बसत चालला होता. त्यातून पाण्याचे ओघळ रेतीत जात होते. बर्फ जेव्हा वितळतो तेव्हा त्याचा बारीक तडकल्यासारखा आवाज होतो हे मला त्या दिवशी कळलं. कान अगदी जवळ नेला तर ऐकू येतो.

मग भरती आली. आधी होडीखालची रेती ओली झाली, मग होडी जराशी हलली, सरळ झाली. खलाशी ओरडले. भावाने इंजिन सुरू केलं आणि जाता जाता आमच्याकडे हात केला. होडी वळली तशी एक लाट सरळ ढिगापर्यंत आली. तिच्या पाण्याने ढिगाची एक बाजू पोखरली. दुसऱ्या लाटेने खड्ड्याची कड गेली आणि समुद्राचं पाणी कुत्र्याच्या पोटाखाली शिरलं. तो उडी मारून उठला, अंग झाडलं, बाबांना डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं आणि ढीग विरघळताना उभा राहून बघत राहिला. तो काय विचार करत होता? बाबांच्या मते तो विचार करत नव्हता, बघत होता. शेवटचा पांढरा तुकडा पाण्यावर डुलत थोडा लांब गेला. मग तोही दिसेना. कुत्र्याने माझ्याकडे बघितलं आणि आपणहून फेरीबोटीच्या दिशेने चालायला लागला.

रात्री त्याचं पोट बिघडलं, म्हणजे खाल्लाच होता त्याने. डॉक्टरांनी दहीभात सांगितला. दोन दिवसांत बरा झाला.

मला मात्र चैन पडेना. चौथ्या मजल्यावरच्या मुलीने जाताना दिलेल्या कागदांत ज्या माणसाकडून कुत्रा घेतला त्याचा नंबर होता. मी वसईला फोन लावला आणि विचारलं की याचे आईवडील कुठले? बर्फाच्या भागातले का?

"काय झालं मॅडम? काही प्रॉब्लेम आहे का?"

"प्रॉब्लेम काही नाही. नुसतं विचारतेय."

"नुसतं कोण विचारत नाही, म्हणून म्हटलं." तो जरा सैल झाला. "आई इथलीच. तिची आई पण इथलीच, माझ्याकडेच जन्मली. बापाकडचे दिल्लीचे. चारपाच पिढ्या झाल्या असतील मॅडम, सगळे एसीतलेच. त्याच्या आधीचं मला पण माहीत नाही."

हे बाबांना सांगितलं. त्यांनी बोटांवर पिढ्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. मग स्वतःचं, बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव घेतलं आणि पुढे अडकले. "पाचवो माका म्हायत नाय," म्हणाले. "तो काय करी होतो, खय रवी होतो, कायेक म्हायत नाय." त्यानंतर आठवडाभर ते आपले स्वतःचेच हात उलटसुलट करून बघायचे. मी विचारलं, काय बघताय? तर म्हणाले, "ह्येंका आणखी काय काय म्हायत आसतला, ता बघतंय."

एप्रिलमध्ये जोडपं परत आलं. कुत्रा वर चौथ्या मजल्यावर गेला. मी मुलीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा विश्वास बसत नव्हता. "काकू, फोटो?" तिने विचारलं. एकही फोटो नव्हता. माझे दोन्ही हात पट्ट्यात होते, मैत्रिणीचे बर्फात, आणि बाबांना फोन वापरता येत नाही. ती म्हणाली, "दीड वर्षं आमच्याकडे होता. आम्हाला कधी विचारायचं सुचलंच नाही, याला काय काय येतं ते."

या वर्षी जानेवारीत आम्ही पाच जण मिळून मनोरीला गेलो. ते जोडपं, मी, बाबा आणि कुत्रा. रविवारच त्यांना मोकळा होता, आणि त्या रविवारी नेमकी एकही होडी निघणार नव्हती. टेम्पो नाही, यंत्र नाही, बर्फाचा तुकडाही नाही. मैत्रिणीने फोनवर सांगितलं होतं, तरी आम्ही गेलोच. मुलगी दिवसभर अनवाणी कुत्र्याच्या मागे मागे फिरली. तो कुठे थांबतो, काय हुंगतो, कशाला कान टवकारतो, सगळं बघत होती. संध्याकाळी फेरीबोटीत ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काकू, खेकडा बिळात गेला की हा बिळाला नाक नाही लावत, कान लावतो. तुम्ही पाहिलं होतं का हे?"

मी पाहिलं नव्हतं. बाबांनीही नाही. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि मुलीकडे पुढे वाकून म्हणाले, "खयचो कान? उजवो की डावो?"